चार लागला की दार उघडा

पिंप्राळा, जळगाव
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रज्ञाताई,
जय भीम.

घशाचं ऑपरेशन नीट झालं, हे मावशीकडून कळलं. महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही म्हणे! साठ पोरांच्या वर्गावर आवाज चढवणारी तू, आणि गप्प? भाऊजी पेढे वाटत असतील. चेष्टा पुरे. तुझ्याशी फोनवर बोलता येत नाही आणि मी जे सांगणार आहे ते व्हॉट्सअॅपवर टाकायची मला भीती वाटते. आमच्या ऑफिसात कोणाचा स्क्रीनशॉट कुठे फिरेल, नेम नाही. म्हणून हा कागद.

रावेरला आपल्या चेंबरमध्ये अपघात झालाय. ‘आपल्या’ म्हणते, कारण केळी पिकवायच्या खोल्यांचं ते कंट्रोलर तू बनवलंस, लग्न होऊन धुळ्याला जाईपर्यंत तूच सांभाळलंस आणि आता तुझ्या खुर्चीवर मी बसते. हिरवी केळी भरायची, दार घट्ट लावायचं, गॅस सोडायचा, मग आत कोंडलेली हवा पंख्याने बाहेर काढायची आणि त्यानंतरच माणसाने आत पाऊल टाकायचं. तुला हे काय नवीन सांगायचं! सोमवारी दुपारी चिंधाकाका आत गेले आणि क्रेटच्या रांगेतच कोसळले. हवा बदललेलीच नव्हती. बाहेर ओढून काढेपर्यंत बराच वेळ गेला. आता इथे जळगावच्या एका दवाखान्यात आहेत, व्हेंटिलेटरवर, शुद्धीवर नाहीत.

त्यांना ‘जा आत’ म्हणाला प्रेमराज. चेंबरवरचा मुख्य माणूस तोच. आणि काकांचा सख्खा पुतण्या. आईबाप लहानपणीच गेले, काका-काकूंनी पोटच्या पोरासारखा वाढवला, त्यांना स्वतःचं मूल नाही. हे लोक मूळचे धुळ्याकडचे, कामासाठी रावेरला येऊन राहिलेले. आता सगळे म्हणतात, ट्रक दारात उभा होता म्हणून प्रेमराजने घाई केली आणि काकाचा जीव टांगणीला लावला. चेंबरच्या मालक व्यापाऱ्याने त्याला काढून टाकलं, पोलिसांनी निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. त्याचं त्याला काही नाही गं. पण सुगंधाबाई, त्याची काकू, दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेली असते. तो जिन्यात दिसला की पदर ओढून भिंतीकडे तोंड करते. मी डोळ्यांनी पाहिलं. तो तिथेच पायरीवर बसून राहतो.

आमच्या साहेबांनी, जितेंद्रसरांनी, मला रावेरला पाठवलं होतं, यंत्रातली नोंद काढायला. चेंबरपाशी पोलिसांनी कोणाला जाऊ दिलं नाही, नोंद मी व्यापाऱ्याच्या ऑफिसातूनच काढली. नोंद स्वच्छ आहे. दार उघडलं तेव्हा यंत्र ‘हवा’ या टप्प्यावर होतं, पंखा नुकताच सुरू झाला होता. म्हणजे यंत्र बरोबर, माणूस चुकला. मी तसा रिपोर्ट लिहिला आणि सही करून दिला.

पण प्रेमराज मला एकच वाक्य सांगत राहिला, “मॅडम, चार लागना व्हता. मी खोटं कसाले सांगू?” हे चार म्हणजे काय गं? आमच्या नोंदीत तर आकडा कुठेच नाही, नुसती टप्प्यांची नावं आहेत. तुला ठाऊक असेल तर लिही. मला झोप लागत नाहीये.

तुझी,
साक्षी


धुळे
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय साक्षी,
जय भीम.

पेढे नाही वाटले, पण टीव्हीचा आवाज वाढलाय हे खरं. पाटीवर लिहून भांडायला जाम वेळ लागतो, तोपर्यंत समोरचा चहा पिऊन निघून जातो.

चिंधाकाकांचं वाचलं. मी रावेरला जायचे तेव्हा ते स्वतःच्या हाताने केळं सोलून द्यायचे आणि मी खाईपर्यंत समोर उभे राहायचे. लवकर बरे होवोत.

आता तुझा चार. सुरुवातीला पॅनलवर इंग्रजी शब्द येत होते. तिथल्या माणसांना ते वाचता येईनात. ‘बाई, हाई काय लिखेल शे?’ असे फोन मला रोज यायचे. मग मी शब्द काढून टाकले आणि मोठ्ठा आकडा दाखवला. आठवड्याभरात सगळ्यांच्या तोंडात बसलं: दोन लागला, तीन लागला. व्यापाऱ्याने पेंटर बोलावून दारावर तेलरंगात लिहूनच घेतलं, ‘चार लागला की दार उघडा’. मला केवढं भारी वाटलं होतं! माझा प्रोग्राम माणसांच्या बोलण्यात गेला म्हणून.

तो आकडा मी आणला कुठून, तर ईनममधून. वर्गात सांगते तसंच सांगते, चिडू नकोस. ईनम म्हणजे नावांची यादी. मी पाच टप्प्यांना पाच नावं दिली: बंद, थंड, गॅस, हवा, उघडा. आपण नावं लिहितो, प्रोग्रामची भाषा ‘सी’ मात्र आतल्या आत त्यांना शून्यापासून आकडे देतो आणि नावं विसरून जातो. बंद म्हणजे शून्य, थंड एक, गॅस दोन, हवा तीन, उघडा चार. मी तो आतला आकडा उचलला आणि पॅनलवर टाकला. वेगळा तक्ता कशाला बनवा? ‘सी’ यावर चकार शब्द काढत नाही. त्याच्या लेखी नाव आणि आकडा एकच. टप्पा साठवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये तू सत्तेचाळीस टाकलास तरी तो गुमान घेतो.

तेव्हा चार म्हणजे ‘उघडा’. नोंद ‘हवा’ म्हणत असेल तर पॅनलवर तीन दिसायला हवा होता. प्रेमराजला चार दिसणं शक्यच नाही. घाबरलेला माणूस काहीही बोलतो, त्यात स्वतःच्या काकांचं झालेलं.

आणखी एक, रागावू नकोस. तुझ्या पत्राचा सूर मला जरा खटकला. ‘ते कंट्रोलर तू बनवलंस’ हे वाक्य तू उगाच लिहिलं नसशील. जितेंद्रसर माझ्यावर ढकलायच्या विचारात आहेत का? असतील तर सांग. माझा प्रोग्राम पाच वर्षं बिनबोभाट चालला. मी गेल्यानंतर कोणी त्या यादीला हात लावला असेल तर ते मला माहीत नाही.

तुझी,
प्रज्ञाताई


पिंप्राळा, जळगाव
१२ फेब्रुवारी २०२५

ताई,

हात मीच लावला.

जानेवारीत व्यापाऱ्याने मागणी केली, गॅस सोडल्यावर अजून एक दिवस खोली बंद ठेवायची सोय द्या, रंग एकसारखा येतो. मी नवा टप्पा केला, ‘मुरवण’. आणि तो टाकला कुठे? जिथे शोभतो तिथे. गॅस झाला की मुरवण, मुरवण झाली की हवा. यादीत बरोबर मध्ये. वाचायला इतकं छान दिसत होतं ना ते! सगळीकडे नावंच वापरलेली होती, त्यामुळे एकही ओळ बिघडली नाही. प्रोग्राम तपासून घेणाऱ्या कंपायलरने एक इशारासुद्धा दिला नाही. ऑफिसात आठवडाभर चालवून पाहिलं, लॅपटॉपवर नावं दिसतात, सगळी बरोबर. जळगावच्या ऑफिसात तेलरंगाने रंगवलेलं दार नाही ना गं.

आता मोज. मुरवण तीन, हवा चार, उघडा पाच.

आमच्या माणसाने रावेरला जाऊन तो नवा प्रोग्राम टाकल्यावरची ती पहिलीच भरती होती. खोली नेहमीपेक्षा एक दिवस जास्त बंद, म्हणजे आतली हवा आणखीच वाईट. पंखा सुरू झाला, पॅनलवर चार आला, दारावर लिहिलंय चारला उघडा. प्रेमराज काकांना म्हणाला, चार लागला. तो शंभर टक्के खरं बोलत होता. मी पहिल्या पत्रात नव्या प्रोग्रामबद्दल तुला लिहिलं नाही, कारण मला खरंच वाटलं होतं की त्याचा काही संबंध नाही. नाही, हेही पूर्ण खरं नाही. मनात कुठेतरी पाल चुकचुकली होती.

काल मी जितेंद्रसरांना सगळं सांगितलं. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. “प्रोग्राम बरोबर चालला ना? मग? दारावर कोणी काय रंगवावं, हे आपण सांगितलं होतं का?” मी म्हटलं, सर, पण आकडा आपलाच होता. तेव्हा म्हणाले, “आकडे गुपचूप पूर्वीसारखे करून ठेव. रिपोर्ट तुझ्या सहीचा आहे, विसरू नकोस.”

तिथून मी दवाखान्यात गेले. का गेले, मलाच कळलं नाही. सुगंधाबाईने मला ओळखलं, यंत्र तपासायला आलेली पोरगी म्हणून. बाजूला सरकून बसायला जागा दिली. मग हळूच विचारलं, “माय, तुन्हं यंत्र तं बराबर शे ना?” आणि ताई, मी मान हलवली. ‘हो’ अशी. बाई गं, माझी मान माझी नव्हतीच जशी. तिने पायरीवर बसलेल्या प्रेमराजकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मी काय करू सांग. पोलिसांत गेले तर नोकरी जाईल ते जाईल. पण ऑफिसात मी आले तेव्हापासून ‘कोट्यातून शिकलेली’ असं कुजबुजणारे दोघं-तिघं आहेतच. त्यांना आयतं कोलीत मिळेल. बाबा मला गल्लीत मिरवतात, आमची साक्षी यंत्रांना अक्कल शिकवते म्हणून. त्यांना कसं सांगू?

लवकर लिही.

साक्षी


धुळे
१४ फेब्रुवारी २०२५

साक्षी,

पत्र वाचलं, फाडावंसं वाटलं, फाडलं नाही. आधी शांत हो. रडून झालं असेल तर तोंड धू आणि बस.

तुझी चूक आहे. नाही म्हणत नाही. पण ती चूक माझ्या यादीनेच तुझ्यापुढे वाढून ठेवली होती. आतला आकडा बाहेर माणसांना दाखवायचा तर प्रत्येक नावापुढे तो आकडा ठोकून लिहायला हवा होता. हवा बरोबर तीन, उघडा बरोबर चार. तसं असतं तर तुझी मुरवण मध्ये घुसल्यावर तीन हा आकडा दोघांना मिळाला असता आणि टप्पा बघून काम वाटणाऱ्या ‘स्विच’मध्ये एकच आकडा दोनदा आला म्हणून कंपायलरने त्याच वेळी बोंब मारली असती. मी ते लिहिलं नाही. लिहायची गरजच वाटली नाही. हे आता पोरांना शिकवते आणि स्वतः केलं नव्हतं.

आता नीट ऐक. मुरवण यादीच्या शेवटी टाक. तिला पाच दे. हवा परत तीन, उघडा परत चार. दारावरचा रंग पुन्हा खरा होईल. दुसऱ्या चेंबरमध्येही हाच नवा प्रोग्राम टाकलाय का? असेल तर तिथे आधी जा. दहा मिनिटांचं काम आहे, कोणाला काही सांगायची गरज नाही.

आणि हो, कोणाला काही सांगू नकोस. मी मोठी बहीण म्हणून सांगते. तू पोलिसांत जाऊन चिंधाकाका शुद्धीवर येणार आहेत का? प्रेमराजवरचा गुन्हा असा कितीसा टिकेल? वकील दिला की सुटेल. ते आपसातले लोक आहेत, काका डोळे उघडतील, पुतण्याला हाक मारतील, काकूचा राग उतरेल. घरातली भांडणं अशीच मिटतात. तू मध्ये पडलीस तर मात्र तुझं आयुष्य त्या एका ओळीला चिकटून बसेल. लग्नाच्या बाजारातसुद्धा लोक विचारतील, तीच का ती?

रिपोर्टला हात लावू नकोस. माझं हे पत्रही जपून ठेवू नकोस.

प्रज्ञाताई


पिंप्राळा, जळगाव
१७ फेब्रुवारी २०२५

ताई,

काका डोळे उघडतील असं तू लिहिलं होतंस. शनिवारी सकाळी ते गेले. तुझं पत्र त्याच दुपारी आलं.

संध्याकाळी रावेरला नेलं. कंपनीतर्फे आम्ही तिघं गेलो, जितेंद्रसरांनी मोठा हार घेतला होता. प्रेमराज आला तेव्हा तिरडी बांधून झाली होती. तो खांदा द्यायला पुढे झाला तर सुगंधाबाई मधे उभी राहिली. ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, “तू नही.” भाऊबंदांपैकी दोघांनी त्याला दंडाला धरून मागे नेलं. मूल नसलेल्या माणसाने ज्याला मुलगा म्हणून वाढवला, त्याच्या हातून अग्नी मिळणार हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. अग्नी दिला तो कुठल्याशा चुलत घराण्यातल्या माणसाने, ज्याला काकांचं गावातलं टोपणनावही माहीत नव्हतं. प्रेमराज स्मशानाबाहेर रस्त्याच्या पलीकडे, केळीच्या ट्रॅक्टरला टेकून उभा होता. धूर दिसेपर्यंत उभा होता, मग खाली बसला.

आणि मी कुठे होते? जितेंद्रसरांच्या शेजारी, ओढणी डोक्यावर घेऊन. एक वाक्य बोलायचं होतं मला, ताई. ‘त्याला येऊ द्या, चार लागला होता.’ एवढंच. एवढ्याने सगळं थांबलं असतं. तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं आणि मी तोंड उघडलं नाही.

घरातली भांडणं अशी मिटतात का गं? तू लिहिलंस आणि मला ते ऐकायला बरं वाटलं, म्हणून मी ऐकलं. दोष तुझ्यावर टाकत नाही. पण मला तुझा राग आलाय आणि तो मी लपवणार नाही. मला वाटलं होतं तू मला कान धरून पोलीस स्टेशनला पाठवशील. लहानपणी दुकानातून एक पेन न विचारता उचललं होतं तेव्हा पाठवलं होतंस ना परत, हात धरून?

दुसऱ्या चेंबरमध्येही तोच प्रोग्राम आहे. ते त्याच व्यापाऱ्याचं, आणि तिथे माल भरलाय. गुरुवारी मी दुरुस्ती घेऊन जाणार आहे. तू सांगितलीस तशीच केली आहे. मुरवण शेवटी, पाच. गुपचूप.

साक्षी


धुळे
१९ फेब्रुवारी २०२५

प्रिय साक्षी,

तुझ्या भाऊजींनी तुझं पत्र वाचलं. मी वाचायला दिलं. वाचून म्हणाले, “तू त्या पोरीला हे शिकवलंस?” मी पाटी पालथी करून ठेवली.

खरं सांगते. मी तुझ्या लग्नाची, तुझ्या नावाची काळजी केली ती थोडी. जास्त काळजी माझी होती. कॉलेजात मी अजून कायम झालेली नाही. त्या पहिल्या प्रोग्रामवर सगळ्यात वर माझं नाव आहे. चौकशी झाली की ते निघेल, आणि ‘सी’ शिकवणारी बाईच अशी, असं बोलायला कॉलेजात कमी लोक नाहीत. हे सगळं मी मोठ्या बहिणीच्या मायेत गुंडाळून तुला पाठवलं. तुला राग आला ते बरंच झालं.

प्रेमराज रस्त्यापलीकडे उभा राहिला हे वाचल्यापासून मला तो ट्रॅक्टर दिसतोय. तो मला ‘मॅडम’ म्हणायचा आणि पॅनल पुसल्याशिवाय मला हात लावू द्यायचा नाही. त्या आकड्यावर त्याच्याइतका विश्वास मीसुद्धा ठेवला नव्हता.

सोबत एक कागद जोडला आहे. त्यात लिहिलंय की पॅनलवर ईनमचा आतला आकडा दाखवायचं मी ठरवलं होतं, दारावरचं वाक्य माझ्या समोर रंगवलं गेलं, चार म्हणजे ‘उघडा’ असं मीच तिथल्या माणसांना शिकवलं. खाली सही आणि आधारकार्डाची प्रत. हा कागद तू रावेरच्या पोलिसांना दे. तुझं तू सांग, माझं यात आहे. जितेंद्रसर काय म्हणतील ते म्हणू देत.

आणि सुगंधाबाईला भेट. ते पोलिसांच्याही आधी कर.

तुझी,
प्रज्ञाताई


पिंप्राळा, जळगाव
२२ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रज्ञाताई,
जय भीम.

तुझं पत्र काल रावेरहून परत आल्यावर मिळालं. तुझा कागद मी उद्या नेऊन देणार आहे. पण त्याच्या आधीच सगळं बाहेर पडलं. माझा धीर वाढला म्हणून नाही. ऐक.

गुरुवारी मी गेले तेव्हा दुसऱ्या चेंबरची मुरवण संपून हवा बदलणं सुरू झालं होतं. पॅनलवर चार होता. मात्र अपघातानंतर तिथली माणसं घाबरून असतात, कोणी दाराजवळ जात नव्हतं. मी म्हटलं, थांबा, मी यंत्र तपासते. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मॅडम आल्या, आता भरवशाचं झालं. मी नवा प्रोग्राम टाकला. यंत्र बंद होऊन परत सुरू झालं.

ताई, आपण दोघी शहाण्या एक गोष्ट विसरलो. लाइट गेली तरी यंत्राला आपला टप्पा आठवावा म्हणून तूच ती सोय केली होतीस, टप्पा मेमरीत लिहून ठेवायची. आणि लिहिताना काय लिहिलं जातं? नाव नव्हे, आकडा. मेमरीत जुन्या हिशोबाने चार होता, म्हणजे हवा. नव्या प्रोग्रामने तो चार वाचला आणि आपल्या हिशोबाने समजून घेतला. उघडा. पंखा बंद झाला. हिरवा दिवा लागला. पॅनलवर परत चार. या वेळी खराखुरा चार. आत सगळी कोंडलेली हवा जशीच्या तशी.

आणि माझ्यामागून जो माणूस पुढे झाला तो म्हणाला, “मॅडमनी तपासं, आते काय भ्याव नही,” आणि त्याने कडीला हात घातला.

मी किंचाळले. “उघडू नका! चार खोटा आहे!” अंगात होतं नव्हतं तेवढं सगळं त्या ओरडण्यात गेलं. मी त्याचा शर्ट धरून मागे ओढला, बटणं तुटली. मग पंखा हाताने सुरू केला आणि तिथेच जमिनीवर बसले.

सगळे माझ्याभोवती उभे. मग त्यांच्यातल्याच एकाने विचारलं, “मॅडम, आज चार खोटा, तं त्या दिवशी?”

गुपचूप करायचं काम होतं ना ते? यंत्र गुपचूप बदलता येतं गं. त्याच्यापुढे उभ्या असलेल्या माणसांच्या डोक्यातला चार गुपचूप कसा बदलणार? मी म्हटलं, त्या दिवशीसुद्धा. तो चार मी बिघडवला होता. प्रेमराज खोटं बोलला नाही.

तिथून मला त्यांनी हाताला धरून सुगंधाबाईकडे नेलं. रागाने नव्हे, पण सोडलंही नाही. वाटेत कोणीतरी प्रेमराजला बोलवायला गेलं. तिच्या खोलीत दहाव्याची तयारी चालली होती, बायका बसल्या होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ईनम, यादी असलं काही नाही. म्हटलं, दारावर चार लिहिला होता, मी यंत्रातला चार सरकवला आणि कोणालाच सांगितलं नाही. प्रेमराजने चार पाहूनच काकांना पाठवलं. तुम्ही मला विचारलं तेव्हा मी खोटी मान हलवली. आणि स्मशानात मी होते, तेव्हाही मला माहीत होतं.

प्रेमराज दाराशी आला होता. आत येईना. सुगंधाबाई उठली, त्याच्यापर्यंत गेली आणि त्याच्या छातीवर डोकं टेकून उभी राहिली. तो लहान पोरासारखा रडला. ‘काकू, चार लागना व्हता,’ एवढंच म्हणत राहिला आणि ती ‘हा रे भाऊ, हा’ म्हणत राहिली. बायकांपैकी कोणी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी काल रावेरच्या पोलिसांत जबाब दिला. रिपोर्ट खोटा होता हेही लिहून दिलं. दोन्ही चेंबर बंद ठेवायला सांगितलं, दारावरचं वाक्य माझ्या समोर खरवडून काढलं. जितेंद्रसरांचा फोन आला, सोमवारपासून येऊ नकोस म्हणाले. बाबांना आज सकाळी सांगितलं. ते चहा तसाच ठेवून बाहेर गेले, अजून आलेले नाहीत.

दहाव्याला प्रेमराज बसणार आहे. मला बोलावणं नाही, आणि मी जाणारही नाही.

एक राहिलं. तिथून निघताना सुगंधाबाई माझ्यामागे रस्त्यापर्यंत आली. मला वाटलं शिव्या देईल, किंवा बघ ताई, मी कशी, मला वाटलं कदाचित पाठीवर हात ठेवेल. तिने दोन्ही केलं नाही. ती मला नीट पाहत राहिली आणि साध्या आवाजात म्हणाली, “पोरी, तू शनवारले बोलनी असतीस, तं प्रेमराजनी त्याले आग दिधी असती.”

मग ती परत आत गेली.

तुझी,
साक्षी